दुसऱ्या पायरीचा बर्फ

पहाटे ४.००

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटी उजाडायच्या आत सुटतात, म्हणून बर्फ कारखान्याचा दिवस त्यांच्याही आधी सुरू होतो. कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरल्यावर पहिलं काम कानाचं. मशीन रात्रभर चाललेलं असतं. आवाजात फरक पडला असेल तर गेजकडे बघायच्या आधीच कळतं. मग लॉगबुक: सक्शन प्रेशर, डिस्चार्ज प्रेशर, ब्राइनचं तापमान. ब्राइन उणे १०. ठीक आहे.

ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी. शून्याच्या खाली गेलं तरी ते गोठत नाही, ही त्याची करामत. त्याच्या टाकीत गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे रांगेने उभे असतात. ब्राइन डब्यातली उष्णता ओढून घेतं, अमोनिया ब्राइनमधली ओढून घेतो, आणि शेवटी कंडेन्सर ती रत्नागिरीच्या हवेत सोडून देतो. मोठी लादी धरायला दीड-दोन दिवस लागतात. आज काढायची रांग परवा भरलेली आहे.

५.००

क्रेनने डबे उचलायचे, साध्या पाण्याच्या टाकीत क्षणभर बुडवायचे, आडवे करायचे. लादी सुटते आणि सरकत फळीवर येते. कडांना काचेसारखी, मधोमध दुधाळ. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातली हवा, क्षार आत ढकलले जातात, म्हणून पोट पांढरं राहतं. गिऱ्हाइकाला वाटतं भेसळ आहे. तशी काही नसते.

लादी क्रशरमध्ये, चुरा गाडीत, गाडी धक्क्यावर. एका बोटीचा तांडेल आज स्वतः आलाय. ट्रॉलरबंदी १ जूनला लागणार, म्हणून शेवटच्या फेऱ्या लांबच्या आहेत आणि बर्फ जास्त लागतोय. मासळीच्या वजनाइतका बर्फ धरायचा, हा सर्वसाधारण हिशेब. उन्हाळ्यात त्यावर थोडा चढवायचा.

“काका, चुरा बारीक द्या. जाडा बर्फ सुरमईला टोचतो.”

“सुरमईला वेगळा आणि बांगड्याला वेगळा असा बर्फ नाही रे आमच्याकडे.”

“नसंल. तरी बारीक द्या.”

७.३०

पहिली गर्दी ओसरली. चहा, आणि फोनवर कालचे निकाल.

रत्नागिरीत बसून मी आइस हॉकीचे निकाल बघतो, याचं कामगारांना अजून हसू येतं. आखातात असताना मी एका मॉलमधल्या रिंकवर प्लांट सांभाळायचो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत मुलं जाकिटं घालून घसरताहेत. रत्नागिरीहून आखातात गेलेले बहुतेक लोक गाडी चालवतात, दुकानात असतात किंवा बांधकामावर. मला अमोनियाची माहिती होती, म्हणून मी बर्फाच्या खाली गेलो.

हा एप्रिल २०२५च्या अखेरचा दिवस आहे आणि २७ तारखेपासून रोमानियातल्या स्फंतु ग्यॉर्ग्ये या गावात जागतिक स्पर्धेची दुसरी पायरी चालू आहे. डिव्हिजन वन, ग्रुप ए असं तिचं नाव. वरच्या पायरीवर १६ देश. त्यांची स्पर्धा मे महिन्यात स्टॉकहोम आणि डेन्मार्कमधल्या हेर्निंगला. त्यांच्या खाली हे सहा: ब्रिटन, इटली, जपान, पोलंड, युक्रेन आणि यजमान रोमानिया. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, एकूण पंधरा सामने. पहिले दोन वर जातात, शेवटचा आणखी खाली. ब्रिटन आणि पोलंड गेल्याच वर्षी वरून खाली आलेत. युक्रेन युद्ध चालू असतानाही खालून वर चढून आलाय.

यजमान गाव रत्नागिरीपेक्षा लहान आहे. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातलं, बहुसंख्य लोक हंगेरियन बोलणारे. रोमानियाची आइस हॉकी मुख्यतः त्याच पट्ट्यात जगते.

९.००

रिकामे डबे पुन्हा भरायचे. पाण्याचा टँकर वेळेवर आला, हीच एप्रिलअखेरची मोठी बातमी. भरताना डबा काठोकाठ भरायचा नाही. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो. हवेच्या नळ्या सोडायच्या, म्हणजे पाणी हलत राहतं आणि लादी जरा नितळ येते.

रिंकवर हे सगळं उलट असतं. तिथे डबा नाही. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं पुरलेलं, त्यातून थंड ब्राइन किंवा ग्लायकॉल फिरतं आणि वर पाण्याचे पातळ थर एकेक करून गोठवतात. सगळे मिळून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. साठ मीटर लांब, तीसएक मीटर रुंद. आधी पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, मग वर आणखी थर. आमची लादी बोटीत जाऊन वितळण्यासाठीच असते. रिंकचा बर्फ मात्र वितळू न देता रोज नवा करायचा असतो. यंत्रं दोन्हीकडे तीच: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ब्राइन, आणि बऱ्याच ठिकाणी अमोनियाच.

११.००

आज कॉम्प्रेसरमधलं तेल काढायचा वार. नवीन मुलाला शेजारी उभं केलंय. गंधकाची वात पेटवून एकेक जोड तपासायचा. अमोनिया गळत असेल तर पांढरा धूर दिसतो. नाकाला तर आधीच कळतं. पण नाकावर विसंबायचं नाही, कारण जास्त प्रमाणात आला तर दार गाठायलाही वेळ मिळत नाही.

मुलगा म्हणाला, “हे एवढं जुनं तंत्र, रिंकवर नसेल असं.”

त्याला कॅनडातल्या फर्नी गावाची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०१७, गावच्या रिंकवर अमोनिया गळला आणि तीन कामगार गेले. हॉकी ज्या देशाचा जीव की प्राण, तिथली ही गोष्ट. मास्क कुठे टांगलाय, पाण्याचा होज कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तेल नंतर काढलं.

दुपारी १.००

जेवण. बांगड्याचं तिखलं, भात, आणि कारखान्याच्या मालकाकडून आलेले हापूस. बाहेर ऊन नुसतं सोलतंय, आणि हवेत दमटपणा इतका की अंग कोरडं होत नाही. कंडेन्सरवरून पाणी सोडून उष्णता काढायची असते. हवेतच एवढं पाणी असलं की ते पाणी नीट उडत नाही. डिस्चार्ज प्रेशर चढतं, विजेचं मीटर पळतं.

रिंकवाल्यांचाही खरा शत्रू थंडीची उणीव नाही, दमटपणा आहे. दमट हवा आत आली की बर्फावर धुकं साचतं, पृष्ठभाग खरखरीत होतो, पक उड्या मारतो. पक म्हणजे रबराची चकती, साधारण १७० ग्रॅमची. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, तेवढ्यासाठीच.

३.००

पहिला सामना. रोमानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे त्यांच्याकडे अजून दुपार कलायची आहे. मी फक्त स्कोअर बघतो, कारण संध्याकाळच्या गाड्यांची यादी हातात आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती. ठरलेल्या वेळेत जिंकलं तर तीन गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग दोन आणि एक अशी वाटणी. त्यामुळे हरणाऱ्यालाही काहीतरी हाती लागतं.

दिवसाला तीन सामने म्हणजे बर्फाने नऊ भाग सोसायचे. वरून संघांचा सराव. धारदार पात्यांनी तो पार कोरून निघतो. खेळाडूंना विश्रांती मिळते ना, ती बर्फाच्या माणसांची धावपळ असते.

५.३०

बंदरावरून मासळीच्या गाड्या निघायची वेळ. ट्रेमध्ये मासळी, वर बर्फ, पुन्हा मासळी, पुन्हा बर्फ. कोल्हापूरची गाडी आंबा घाटातून जायची आहे, तिला चार लाद्या जास्त. धक्क्यावर कुणाची उधारी, कुणाचा रोख, यावरून नेहमीची बाचाबाची.

सकाळचाच तांडेल पुन्हा भेटला. इंजिनाचं काम निघालं म्हणून बोट थांबलीय. फोनकडे बघून म्हणाला, “आपला संघ हाय काय यात?”

“नाही. आपण या शिडीवर अजून चढलोच नाही.”

भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात १९८९पासून आहे. पण खेळतो आशियाई स्पर्धांत. खेळाडू बहुतेक लडाखचे. तलाव गोठतात तेवढे दिवस सराव. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला बंदिस्त रिंक बांधली, पुढे ती कित्येक वर्षं बंद पडून राहिली. रिंक बांधायला एकदा पैसे लागतात. ती गार ठेवायला रोज लागतात. हे मला कुणी समजावून सांगायला नको, महावितरणचं बिल माझ्या टेबलावरून जातं.

(हे लिहीपर्यंत एक गोष्ट घडून गेली, ती सांगतो. महिनाभराने अल ऐनच्या आशियाई चषकात भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. तांडेलाला सांगितलं. तो म्हणाला, “मग चढली की शिडी.”)

६.३०

दुसरा सामना. विश्रांतीत मैदानावर झांबोनी नावाचं यंत्र फिरतं. पातं बर्फाचा पापुद्रा खरवडतं, पाणी चऱ्यांतला मळ धुऊन काढतं, आणि मागे ओढत येणारं फडकं गरम पाण्याचा पातळ थर पसरतं. पाणी गरमच हवं, साठ अंशांच्या आसपास. गरम पाण्यात हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाला नीट धरतं.

हे यंत्र काढणारा फ्रँक झांबोनी आमच्याच धंद्यातला. कॅलिफोर्नियात तो आणि त्याचा भाऊ बर्फाच्या लाद्यांचा कारखाना चालवत. घरोघर फ्रीज आले, लाद्यांची मागणी आटली. हातात थंड करायची यंत्रं होती, म्हणून १९४०मध्ये रिंक उघडली. पृष्ठभाग सारखा करायला माणसांना तासाहून जास्त लागायचा. ते खटकलं म्हणून १९४९मध्ये यंत्र तयार केलं. आज कुठल्याही पायरीवरचा सामना त्याच्याशिवाय होत नाही. नवीन मुलाला हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्या फोनमध्ये नीट डोकावून पाहिलं.

८.१०

लाईट गेले. कॉम्प्रेसर थांबला की कानाला एकदम मोकळं वाटतं आणि पोटात गोळा येतो. घाबरायचं कारण नसतं: टाकीत ब्राइन एवढं असतं की गारवा काही तास टिकतो. झाकणं बंद ठेवायची, डबे हलवायचे नाहीत. पंचवीस मिनिटांनी लाईट आले. लगेच बटण दाबायचं नाही. आधी कंडेन्सरचं पाणी, मग लोड काढून कॉम्प्रेसर, मग हळूहळू सक्शन उघडायचं. द्रव अमोनिया सिलिंडरमध्ये शिरला तर व्हॉल्व्हचे तुकडे होतात.

रिंकवर हीच वेळ सामन्याच्या मधोमध आली तर? खेळ थांबतो, प्रेक्षक शिट्या मारतात, आणि दूरवरचा देश एका कॉम्प्रेसरवर अवलंबून असतो.

१०.००

तिसरा सामना सुरू झाला. दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेला वर्तमानपत्रांत चार ओळी मिळतात. आपल्याकडे त्याही नाहीत. खेळाडूंतले काही जण वर्षभर मोठ्या लीगमध्ये खेळतात, काहींची नावं त्यांच्याच देशात माहीत नसतात. पण नियमपुस्तकात दुसऱ्या पायरीचा बर्फ असा प्रकार नाही. मापं, रेषा, पक, पंधरा मिनिटांतली सफाई, सगळं स्टॉकहोमला जे तेच या लहान गावात. पायऱ्या खेळणाऱ्यांना असतात, बर्फ करणाऱ्याला नसतात. म्हणूनच मला वरच्यापेक्षा ही स्पर्धा आवडते: गाजावाजा कमी, काम तेवढंच.

हे लिहीपर्यंत त्या स्पर्धेचा निकालही लागलाय. ब्रिटन पहिला, इटली दुसरा, दोघे वर गेले. रोमानिया आपल्याच गावात शेवटचा आला आणि ग्रुप बीमध्ये उतरला.

११.३०

रात्रपाळीचा ऑपरेटर आला. लॉगबुक त्याच्या हातात दिलं आणि तोंडी सांगितलं: चौथ्या रांगेतले दोन डबे गळके आहेत, त्यांना लाल खूण केलीय, ते भरू नकोस. आठ-दहाला ट्रिप झालं होतं, ब्राइन उणे ९वर आलंय, तीनपर्यंत उतरेल. तांडेलाची बोट दुरुस्त झाली, साडेचारला येईल. चुरा बारीक मागतो, तसा दे.

“आणि त्या रोमानियावाल्यांचं काय, काका?” त्याने सही करता करता विचारलं.

“खाली गेले तरी त्यांना पुढच्या वर्षी याच मापाचा बर्फ लागणार. करणारे करतील.”