व्हॅल्युएशन कमी आले तर : कर्जत-खालापुरातील घरविक्री

विक्रीला काढलेल्या एकाच घराच्या तीन किमती असतात. एक विकणाऱ्या-घेणाऱ्यात ठरलेली, दुसरी बँकेच्या मूल्यांकनकाराने अहवालात लिहिलेली आणि तिसरी शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे रेडी रेकनरमधून निघणारी. तिन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. घेणारा कर्ज काढून घर घेत असेल, तर सौद्याचा निकाल बऱ्याचदा दुसऱ्या आकड्यावर लागतो. तो ठरलेल्या किमतीपेक्षा खाली आला की ‘व्हॅल्युएशन कमी आलं’ एवढाच निरोप विकणाऱ्याकडे पोहोचतो. कारण कळत नाही, अहवाल दिसत नाही, आणि घाबरून किंमत उतरवली जाते.

फटका नेमका किती बसतो, ते आधी पाहावे. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी, तिच्यावर बँक कर्जाची टक्केवारी काढते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्याहून मोठे कर्ज ७५ टक्के असू शकते. समजा, दहिवलीतल्या एका घराचा सौदा ६० लाखांना ठरला. ८० टक्क्यांनी ४८ लाख कर्ज मिळेल आणि १२ लाख स्वतःचे घालावे लागतील, असा घेणाऱ्याचा हिशेब. मूल्यांकन ५२ लाख आले, तर कर्ज ४१ लाख ६० हजारांवर येते आणि घेणाऱ्याला १८ लाख ४० हजार उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यावर वेगळी. आठ लाखांच्या तफावतीने घेणाऱ्याच्या खिशातला बोजा ६ लाख ४० हजारांनी वाढतो. म्हणजे अशा वेळी घर महाग आहे असे सिद्ध होत नाही. घेणाऱ्याची रोकड अपुरी पडते, इतकेच. हा फरक विकणाऱ्याने ध्यानात ठेवला, तर पुढची बोलणी वेगळ्या तऱ्हेने होतात.

मूल्यांकनकार आकडा काढतो तो मुख्यतः तुलनेने. त्याच इमारतीत किंवा जवळपास, अलीकडच्या काळात, तशाच आकाराची घरे किती रुपयांना गेली, हे तो पाहतो. बंगला असेल तर जमिनीची किंमत वेगळी धरून बांधकामाचा खर्च त्यात मिळवतो आणि वयाप्रमाणे घसारा वजा करतो. अनेक बँकांच्या अहवालात बाजारमूल्याखाली आणखी दोन आकडे असतात: वसूल होण्याजोगे मूल्य आणि घाईच्या विक्रीत येणारे मूल्य. कर्ज थकले तर हे घर विकून किती पैसे सुटतील, हा बँकेचा खरा प्रश्न असतो. बागेवर, दगडी कुंपणावर, पोहण्याच्या तलावावर मालकाने केलेला खर्च त्या प्रश्नाच्या उत्तरात जेमतेम बसतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ही तुलनाच अवघड आहे. डोंबिवलीत एका रस्त्यावर सारख्या घरांचे व्यवहार पुष्कळ सापडतात. इथे तसे नाही. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत हे लोकलवरचे पट्टे. कर्जतहून फुटणाऱ्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. द्रुतगती मार्गाजवळ चौक आणि खालापूर. पाताळगंगेच्या अंगाने रसायनी आणि मोहोपाडा. प्रत्येक पट्ट्यातला गिऱ्हाईक वेगळा. रसायनीत कारखान्यातला नोकरदार राहायला घर घेतो, नेरळला रोज लोकलने जाणारा घेतो आणि कोंडिवड्याकडे मुंबईकर शनिवार-रविवारसाठी बंगला घेतो. शेजारशेजारच्या दोन गावांत भावाचा मेळ नसतो. एकट्या बंगल्याला तर जोडच सापडत नाही. अशा वेळी मूल्यांकनकार सावध राहतो आणि आकडा खाली धरतो.

तुलनेचे आकडे मुळातच खोटे असतात, ही यातली सर्वांत दुखरी बाब. घराच्या किमतीचा एक भाग चेकने आणि एक भाग रोखीने देण्याची, ‘एक नंबर, दोन नंबर’ची सवय गेलेली नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून बंदी आहे, तरी रोखीची देवघेव चालते. परिणाम असा की ५५ लाखांना गेलेले घर दुय्यम निबंधकाच्या दप्तरी ४० लाखांना गेलेले दिसते. पुढच्या वर्षी शेजारचा माणूस सगळा व्यवहार पांढरा करून घर विकायला निघतो, तेव्हा मूल्यांकनकारासमोर पुरावा म्हणून तो ४० लाखांचा दस्त येतो. एकाने वाचवलेल्या कराची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

उलट बाजूने विकणाऱ्याच्या मनातला भाव भविष्यावर चढलेला असतो. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला सुमारे ३० किलोमीटरचा पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, त्यावरची चिखले, मोहोपे आणि चौक ही स्थानके, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ, ही नावे या भागातल्या प्रत्येक जाहिरातीत असतात. ती खरी आहेत आणि त्यांचा भावावर परिणामही होतो. मात्र तो परिणाम प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांत उतरेपर्यंत मूल्यांकनकाराला धरता येत नाही. स्थानक होणार म्हणून वाढवलेला भाव घेणाऱ्याने स्वतःच्या पैशातून द्यायचा असतो. त्यासाठी बँक कर्ज देत नाही.

याहून मोठी घट होते ती कागदांमुळे. सुधारायला सर्वांत सोपी घटही हीच, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. भोगवटा दाखला नसलेली इमारत कितीही पक्की असो, बँकेच्या लेखी ती अर्धवट असते. नेरळसारख्या झपाट्याने वाढलेल्या गावांत केवळ ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर उभी राहिलेली बांधकामे आहेत. मंजूर नकाशा आणि बिनशेती आदेश दाखवता आला नाही, तर मूल्यांकन कमी येते किंवा कर्जच नाकारले जाते. मंजूर नकाशात नसलेला वाढीव मजला, बंदिस्त केलेली गच्ची, अंगणात घातलेली खोली हे क्षेत्रफळ मूल्यांकनकार मोजतो, पण धरत नाही. जुन्या फ्लॅटच्या बाबतीत ‘सुपर बिल्टअप’चा घोळ असतो. मालक साडेसहाशे चौरस फूट म्हणतो, करारातले चटईक्षेत्र त्याहून पुष्कळ कमी निघते आणि दर त्यालाच लागतो.

शेतजमिनीवरच्या फार्महाऊसची गोष्ट आणखी वेगळी. १९४८ च्या कुळकायद्यातील कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला, ठरावीक अपवाद आणि परवानगी सोडता, शेतजमीन घेता येत नाही. गिऱ्हाईकच मोजके, त्यामुळे किंमतही आखडते, आणि साधे गृहकर्ज अशा मालमत्तेवर सहसा मिळत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोनची नोंद असेल, तर हस्तांतरणाला शासनाची परवानगी लागते. ठाकूर आणि कातकरी समाजाची वस्ती असलेल्या या तालुक्यांत आदिवासी खातेदाराची जमीनही असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाहीत, आणि हे संरक्षण योग्यच आहे. अशा जमिनीवर परवानगीविना उभ्या राहिलेल्या बंगल्याचे मूल्य कमी येते याला अन्याय म्हणता येणार नाही.

जागेचा धोकाही आकड्यात उतरतो. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठच्या घरांना पूररेषा पाहावी लागते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधने असतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात अटी असतात. माथेरानभोवतालचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, त्यामुळे त्या हद्दीत पुढे काय बांधता येईल यावर मर्यादा आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून माणसे गाडली गेली. त्यानंतर डोंगरउताराखालच्या घराबद्दल घेणाऱ्याने आणि बँकेने जास्त प्रश्न विचारले, तर त्यांना दोष देता येत नाही.

मूल्यांकन कमी आले की पहिले काम म्हणजे अहवाल वाचायला मिळवणे. तो बँकेने स्वतःसाठी करून घेतलेला असतो, त्यामुळे विकणाऱ्याला थेट मागता येत नाही. घेणाऱ्याने बँकेकडे मागणी करावी. निदान कोणत्या मुद्द्यावर आकडा उतरला, एवढे तरी विचारून घ्यावे. चुका बहुधा साध्या असतात: चटईक्षेत्र चुकीचे घेतलेले, इमारतीचे वय जास्त धरलेले, गट क्रमांक किंवा हिस्सा चुकलेला, लिफ्ट किंवा राखीव पार्किंगची नोंद राहिलेली, भोगवटा दाखला असूनही फाइलीत न लागलेला. अशी चूक असेल तर कागद जोडून फेरविचाराचा लेखी अर्ज करावा. तोंडी वाद घालून आकडा बदलत नाही. मूल्यांकनकाराला आपल्या अहवालाला आधार लागतो.

तो आधार विकणारा स्वतः उभा करू शकतो, आणि ही सोय फार थोडे लोक वापरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून गाव आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. तिच्यात दस्ताचा मोबदला आणि शासकीय बाजारभाव दोन्ही लिहिलेले असतात. त्याच संकुलातले किंवा त्याच गावातले अलीकडचे तीन-चार चांगले व्यवहार शोधून त्यांचे उतारे अर्जाला जोडावेत. दलालाने सांगितलेला भाव किंवा जाहिरातीतली किंमत पुरावा ठरत नाही. नोंदलेला दस्त ठरतो.

फेरविचारात काही हलले नाही, तर दुसऱ्या बँकेकडे जाण्याचा मार्ग असतो. दुसरी बँक दुसरा मूल्यांकनकार पाठवते. ज्या बँकेने त्याच संकुलात आधी कर्जे दिली आहेत, तिच्याकडे जागेची माहिती आणि तुलनेचे आकडे दोन्ही असतात, म्हणून तिच्याकडून सुरुवात करणे शहाणपणाचे. दोन स्वतंत्र बँकांचे आकडे जवळपास सारखेच आले, तर मात्र ते मान्य करावेत. तेव्हा बाजारच तसा आहे. मग तफावत दोघांनी वाटून घेणे, घेणाऱ्याला रोकड जमवायला जास्त मुदत देणे किंवा कर्जाची गरज नसलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहणे हे पर्याय उरतात. विकणाऱ्याचेच जुने कर्ज बाकी असेल, तर ते फिटून हातात काय उरते, हे पाहून मगच सवलत द्यावी.

अशा अडचणीत काही दलाल एक वाट सुचवतात: करारात किंमत फुगवून लिहायची, म्हणजे कर्ज जास्त मिळेल. मूल्यांकन कमी असेल तर या फुगवण्याचा उपयोगच होत नाही, कारण बँक कमी आकडा धरते. ती बँकेची फसवणूकही आहे. फर्निचरचा वेगळा करार करून किंमत भरून काढण्याचा उपायही बँकेपुरता निरुपयोगी, कारण गृहकर्ज घरावर मिळते, कपाटांवर नाही.

किंमत उतरवण्याआधी तिसरा आकडाही तपासावा लागतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. रेडी रेकनरचे दर शासन ठरवते. २०२३ आणि २०२४ मध्ये ते तसेच ठेवले होते, एप्रिल २०२५ मध्ये वाढले. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि हे मूल्य यांपैकी जास्त रकमेवर लागते. आयकरही त्याच्याकडे पाहतो. मुद्रांकासाठीचे मूल्य विक्रीच्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा त्या मूल्यावरून मोजला जातो. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ५०-सी मध्ये होती. समजा, बँकेच्या आकड्याला घाबरून घर ५० लाखांना दिले आणि रेडी रेकनरने मूल्य ५८ लाख निघाले. विकणाऱ्याला न मिळालेल्या आठ लाखांवर कर बसतो, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही ते आठ लाख मिळवले जातात. मूल्य ५५ लाखांपर्यंत असते, तर दोघेही सुटले असते.

शासकीय दर खरोखरच घराच्या मोलापेक्षा जास्त असेल, तर त्यावरही दाद मागता येते. नोंदणीपूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्त सादर करता येतो. रायगडसाठी ते कार्यालय अलिबागला आहे. आयकराच्या बाबतीत विकणारा विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करू शकतो. त्या अधिकाऱ्याने जास्त मूल्य काढले, तरी मुद्रांकाच्या मूल्यापलीकडे कर जात नाही, त्यामुळे मागणी करण्यात धोका नाही. बँकेच्या मूल्यांकनकाराचा तोच कमी आकड्याचा अहवाल हाती असेल, तर इथे तो विकणाऱ्याच्या उपयोगी पडू शकतो.

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला लावण्याआधी तपासणी आणि मूल्यांकनाचा अहवाल तयार ठेवणे बहुतेक विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल आधी करून घेण्याला कोणाची मनाईही नाही. बँक तो अंतिम मानणार नाही. तरी कोणता कागद कमी आहे हे गिऱ्हाईक येण्यापूर्वी कळते, आणि भोगवटा दाखल्याची प्रत, फेरफार किंवा मिळकत पत्रिकेतली दुरुस्ती यांना लागणारे महिने सौद्याच्या मुदतीतून जात नाहीत. कर्जतला किंवा खालापुरात घर विकायला काढणाऱ्याने एवढे करावे, आणि इसार घेताना साठेखतात एक कलम वकिलाकडून घालून घ्यावे: कर्ज ठरावीक रकमेपेक्षा कमी मंजूर झाले, तर किती दिवसांत काय करायचे आणि इसारातले किती परत द्यायचे. ते लिहिलेले नसेल, तर तोच वाद पुढे दिवाणी न्यायालयात जातो.