जुन्या आवाजामागची घरघर : संगणकातील दोष शोधण्याची रीत

अनेक घरांतील कपाटांत कॅसेटींचा एक डबा अजूनही जपून ठेवलेला असतो. आजोबांचे बोलणे, लग्नघरी आजीने म्हटलेली गाणी, मुलांचे बोबडे बोल त्या फितींत साठलेले असतात. चुंबकीय फीत कालांतराने क्षीण होते, चिकटते, तुटते. काही फिती तर जेमतेम एकदा वाजवण्याजोग्या उरलेल्या असतात. म्हणूनच त्या संगणकावर उतरवून घेताना आवाजामागे घरघर मुद्रित झाली, तर हाती आलेली संधी वाया जाण्याची भीती असते. मौल्यवान फीत यंत्रात घालण्यापूर्वीच संगणक निर्दोष आहे ना, हे पाहून घ्यावे.

रोजमेळात फरक निघाला म्हणून जाणता मुनीम सगळी वही नव्याने लिहीत नाही; एकेक नोंद ताडून फरक नेमका कोठे आहे ते शोधतो. येथेही तीच रीत लागू पडते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर कान देऊन ऐकावे. प्रथम स्पीकर बाजूला ठेवून संगणकालाच हेडफोन जोडावा. हेडफोनमध्ये शांतता असेल, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. घरघर तेथेही असेल, तर तो संगणकात किंवा त्याला जोडलेल्या अन्य उपकरणात आहे.

त्यानंतर आवाजाची जात ओळखावी. सलग, खालच्या पट्टीतील घरघर बहुधा विजेच्या पुरवठ्यातून येते. भारतात वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते आणि तीच लय, किंवा तिची दुप्पट, कानावर पडते. संगणक एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर असला, की दोहोंच्या अर्थिंगमध्ये सूक्ष्म फरक राहतो. त्या फरकामुळे ध्वनीच्या तारेच्या आवरणातून थोडा प्रवाह वाहू लागतो आणि तोच घरघर होऊन ऐकू येतो. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर जोडल्यास हा दोष पुष्कळदा नाहीसा होतो. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर थांबली, तर कारण सापडले. एवढ्यानेही भागले नाही, तर दोन उपकरणांच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. त्यातील छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पुढे जातो, अर्थिंगचा प्रवाह मात्र अडतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाकली की घरघर थांबते, असा सल्ला काही वेळा दिला जातो. तो कदापि मानू नये. उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर माणसाचा जीव वाचवण्यासाठीच ती पिन असते. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

माउस हलवताच किंवा पडद्यावरील चित्र सरकताच बदलणारी बारीक किणकिण संगणकाच्या अंतर्भागातून येते. पेटीच्या पुढील बाजूच्या छिद्रांपर्यंत जाणारी तार आतील विद्युत गोंगाटाजवळून जाते. म्हणून मागील बाजूची छिद्रे वापरावीत. तरीही आवाज राहिला, तर यूएसबीला जोडायचे बाह्य साउंड कार्ड उपयोगी पडते. ठरावीक ठेक्यात येणारी टकटक जवळच्या मोबाइलमुळे असू शकते. तो दूर ठेवावा. मध्येच तुटक कडकड येत असेल, तर अन्य प्रोग्राम बंद करावेत, साउंड कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि मुद्रणाच्या प्रोग्राममधील बफर वाढवावा.

सतत सळसळ ऐकू येत असेल, तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये डोकवावे. वापरात नसलेला मायक्रोफोन चालू राहतो आणि त्याची शक्ती वाढवणारा बूस्टही चालूच असतो. दोन्ही बंद करावेत. कॅसेट प्लेअरची तार गुलाबी छिद्रात घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. ते छिद्र मायक्रोफोनच्या अतिक्षीण संकेतासाठी असते. तेथे प्लेअरचा आवाज फाटतो. त्यासाठी निळे, लाइन-इनचे छिद्र योग्य होय.

एवढे झाल्यावर एखादी कमी मोलाची कॅसेट लावून चाचणी घ्यावी. मूळ मुद्रण 44,100 हर्ट्झ आणि 16 बिट या मानाने, डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करावे. बोलणे सुरू होण्यापूर्वीची काही सेकंदे मुद्दाम राखावीत. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रामला तेवढ्या रिकाम्या भागावरून गोंगाटाची ओळख पटते आणि तो उरलेली सळसळ कमी करू शकतो. मात्र ही सफाई प्रतीवरच करावी, तीही बेताने. अति केल्यास बोलणाऱ्याचा आवाज पोकळ, धातूसारखा होतो. मूळ मुद्रण तसेच ठेवून त्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच त्या डब्यातील सर्वांत जपलेली कॅसेट हाती घ्यावी.