सोफियापुढचा प्रश्न
पवईच्या आयआयटीत १९९८ साली आरंभलेल्या व विद्यार्थ्यांच्याच अखत्यारीत चालणाऱ्या ‘टेकफेस्ट’ या तंत्रमहोत्सवात ३० डिसेंबर २०१७ रोजी साडी नेसून आलेली ‘सोफिया’ ही यंत्रमानवी, जगापुढे गंभीर समस्या उभ्या असता असल्या संशोधनावर द्रव्य का वेचावे, या प्रश्नापाशी तांत्रिक बिघाडाने काही काळ निरुत्तर झाली. प्रश्न रास्त होता. सतराव्या शतकात मलिक अंबराने भूमिगत नहरींतून पाणी खेळविलेल्या, १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय नांदविणाऱ्या, आणि तरीही नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस ताटकळलेल्या छत्रपती संभाजीनगरात तो अधिकच निकडीचा ठरतो. येथील विद्यार्थ्यांच्या महोत्सवांत यंत्रमानवांच्या झुंजींइतकाच मान जलवाहिनीची गळती हुडकणाऱ्या साधनालाही मिळावा, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.