घाटातल्या काचेसाठी

सकाळी ७:३०

आषाढात जव्हारला सूर्य उगवतो तो फक्त पंचांगात. गॅरेजचं शटर वर केलं तर पिकअप आधीच दारात उभी. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल आणली, ही गाडी त्याच पिढीतली. पत्रा जाड आणि डिझेल इंजिन अजून ठणठणीत. मालक खोडाळ्याकडचे; मोगरा आणि भाजी वाहतात.

"काचच दिसत नाही दादा. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडकं. तोरंगण घाटात परवा एसटी अगदी जवळ आली तेव्हा दिसली."

"हीटर चालतो का, काका?"

"तो बंदच केलाय कधीचा. आपल्याकडे थंडी कुठं?"

हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो आणि दर वेळी तेच सांगतो. आपल्या घाटात हीटर अंगाला ऊब द्यायला नसतो, काच साफ ठेवायला असतो. केबिनमध्ये तीन माणसं, ओले कपडे, ओल्या गोणी. हवा दमट होते. बाहेरच्या पावसाने काच गार पडलेली असते, म्हणून ही वाफ आतल्या बाजूला धरते. बाहेरून तंबाखू चोळली की पाऊस काचेवर थेंब न धरता पसरतो, पण आतली वाफ तशीच राहते. ती घालवायची तर काचेवर गरम, कोरडी हवा हवी.

सकाळी ८:३०

गाडी घाट चढून आलेली, इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं या रस्त्यावर आहेत. तोवर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग रेडिएटरखालचा कॉक उघडून पाणी टबात घेतलं. आलं ते चहाच्या रंगाचं. उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरवर जगतात. तेव्हा गाडीच्या वाट्याला ओढ्याच्या डबक्यातलं गढूळ पाणी येतं. तो गाळ सगळ्यात आधी हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

थोडं कूलंटही त्यात मिसळलेलं होतं. आयटीआयचा पोरगा टब गटाराकडे न्यायला लागला, त्याला थांबवलं. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री आणि शेळ्या चाटतात आणि मरतात. ते झाकणाच्या कॅनमध्येच जायला हवं.

सकाळी ९:३०

हीटरचे दोन होज पाइप लोखंडी निपल लावून एकमेकांना जोडून टाकलेले. गळती थांबली, कामही थांबलं. हीटरचा डबा मात्र डॅशबोर्डखाली तसाच होता. तोंडांवरचे पाइपाचे तुकडे लाकडासारखे कडक झालेले. असा पाइप पिळून ओढला तर कॉइलचं पितळी तोंड मुळातून उपटतं. म्हणून ब्लेडने लांबीत चीर द्यायची आणि केळ्याची साल सोलावी तसा सोलून काढायचा. दोन्ही तोंडांत चिंधीचे बोळे बसवले, म्हणजे उरलेलं पाणी वायरिंगवर सांडत नाही. मग चार बोल्ट काढून डबा खाली घेतला.

आत सुकलेली पानं, उंदराने आणलेला कापूस आणि हाताला लागताच भुगा होणारा फोम. हा फोम गेला की हवा कॉइलमधून जायच्या ऐवजी कडेने निसटते. मग हीटर चांगला असूनही गार वाटतो.

सकाळी ११

कॉइल म्हणजे छोटा रेडिएटरच: पितळी नळ्या, तांब्याच्या पातळ पट्ट्या, दोन्ही टोकांना डाग देऊन बसवलेल्या टाक्या. एका कोपऱ्यात हिरवट कळंक चढलेला. गळती तिथेच असणार, पण डोळ्यांवर भागत नाही. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा दिली, पंधरा पीएसआयच्या वर नाही, आणि कॉइल पाण्यात बुडवली. कळंकाजवळून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. वरच्या टाकीच्या सांध्यातून दुसरी. दोन्ही जागांवर खुणा केल्या.

मग कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून आत भरलं आणि मुरू दिलं. नंतर उलट्या बाजूने पाणी सोडलं, कारण गाळ ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर यायला सोपा असतो. पाणी नितळ येईपर्यंत धुतलं आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला.

दुपारी १

नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. जेवण झाल्यावर थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर ते रिकामं. घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तापायचं खरं कारण, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर, तसंच राहतं. वर इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं आणि हीटरला गरम पाणी मिळत नाही. उतारावर तर मुळीच नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी स्टोव्हवर पातेल्यात टांगून तपासला. त्यावर ८२ आकडा आहे. आतलं मेण त्या उष्णतेला फुगतं आणि झडप ढकलतं. पोरग्याच्या हातात थर्मामीटर दिला. काटा ऐंशीच्या पुढे सरकला आणि झडप हळूच उघडली. "उघडली दादा!" असं तो ओरडला. पुस्तकातली आकृती त्याने आज डोळ्यांनी पाहिली.

दुपारी २

लाइट गेली. डाग द्यायला गॅसची टॉर्च आहे, त्यामुळे काम अडलं नाही. सांधा वायरब्रशने पितळ चकाकेपर्यंत घासला, फ्लक्स लावला. कथील-शिशाचा सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतो, पितळ नऊशेच्या पुढे. म्हणजे पितळाला भीती नाही. भीती आहे ती शेजारच्या सांध्याची. ज्योत एका जागी रेंगाळली तर जुना डाग सुटून पडतो. म्हणून शेजारच्या सांध्यांवर ओली चिंधी गुंडाळून ज्योत सतत फिरवत ठेवली. सोल्डर स्वतः फटीत ओढला गेला की डाग बसला समजायचं; वर गोळा राहिला तर तो टिकत नाही. गार झाल्यावर पुन्हा हवा, पुन्हा पाणी. बुडबुडा नाही.

दुपारी ३:३०

ब्लोअरची मोटर फिरत होती, पण रडत. कार्बन झिजलेले, ते बदलले. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने पुसला, बुशला तेलाचा थेंब दिला. हीटरच्या नळाची केबल ग्रीस लावून मोकळी केली. डब्याला नवा फोम चिकटवला.

संध्याकाळी ५

डबा बसवला, नवे होज, नवे क्लिप. रेडिएटरही धुऊन घेतला, नाहीतर तोच गाळ उद्या कॉइलमध्ये. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. पुढची चाकं चढावर घेतली, हीटरचा नळ उघडा ठेवला, झाकण काढून इंजिन चालू केलं. हवा बाहेर पडेपर्यंत रेडिएटरच्या तोंडाशी गुडगुड चालते. ती थांबली, पाणी भरून काढलं, झाकण लावलं.

संध्याकाळी ६:३०

मोखाडा रस्त्याला ट्रायल. काका स्टिअरिंगवर, आम्ही दोघे शेजारी, तिघेही ओले. वळणावर धुकं आलं आणि काचेवर वाफ धरली. बाहेरची हवा घेणारी झडप उघडली, हवेचा रोख काचेकडे वळवला, ब्लोअर सोडला. काच खालून साफ व्हायला लागली. आधी बोनेट, मग रस्त्याची पांढरी पट्टी, मग समोरच्या टेम्पोचे दिवे. काकांनी फडकं सीटमागे टाकलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

रात्री ८

काकांना बजावून सांगितलं: उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हीटर चालवायचा, म्हणजे नळ अडकत नाही. ओढ्याचं पाणी घालायचं नाही. काचेवर तेलकट थर आला किंवा केबिनमध्ये गोड वास सुटला, तर कॉइल गळतेय, लगेच गाडी आणायची.

वायपर, दिवे, ब्रेक पावसाआधी सगळेच पाहतात. त्या यादीत हीटरही यायला हवा. या घाटांतून पहाटे मोगरा जातो, रात्री-अपरात्री बाळंतीण जाते, शाळेची पोरं जातात. चालकाला समोरचं दिसणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागतो एका दिवसाचा हात आणि थोडा डाग. पुढच्या वर्षी हे काम मृग लागायच्या आत करायचं, असं तालुक्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगणार आहे.