कॅमेऱ्याचे मोल

छायाचित्रणाची कला जन्मली ती महागडीच. १८३९ साली पॅरिस येथे दागेरच्या पद्धतीचा कॅमेरा विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ४०० फ्रँक होती. सामान्य कामकऱ्याची ती कित्येक महिन्यांची मजुरी होय. आपल्याकडे इंदूरला १८७४ च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी ही कला हाती घेतली. तिला तेथील महाराज तुकोजीराव होळकर यांचे, व पुढे हैदराबादच्या निजामांचे प्रोत्साहन लाभले. राजाश्रयावाचून असा खर्च पेलणे त्या काळी कठीणच होते.

१९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ हा पेटीवजा कॅमेरा एका डॉलरला विकावयास काढला. त्यामुळे हौस स्वस्त झाली. व्यवसाय मात्र स्वस्त झाला नाही. व्यावसायिक कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी बहुधा ३६ × २४ मिलिमीटर आकाराची असते. सिलिकॉनच्या एका चकतीतून अशा पट्ट्या थोड्याच निघतात, आणि चकतीत बारीकसा दोष राहिला तरी पट्टी वाया जाऊ शकते. शिवाय भिंगे मोठी, अनेक व अचूक घासलेली असावी लागतात, आणि गिऱ्हाइके मोजकीच असतात.

आता निरनिराळ्या देशांत काय घडते ते पाहू. एका कॅमेऱ्याची करापूर्वीची किंमत सर्वत्र २,००,००० रुपये आहे असे समजा. जपानमध्ये १० टक्के कर धरून तो २,२०,००० रुपयांस पडेल. जर्मनीत १९ टक्क्यांनी २,३८,००० रुपयांस आणि डेन्मार्कमध्ये २५ टक्क्यांनी २,५०,००० रुपयांस. भारतात हा कर पूर्वी २८ टक्के होता. २०१९ च्या जानेवारीपासून तो १८ टक्के झाला. म्हणजे येथे २,३६,००० रुपये. तर मग डेन्मार्कचा छायाचित्रकार आपल्याहून अधिक गांजलेला म्हणावयाचा काय?

मुळीच नाही. खरे मोल रुपयांत नव्हे, श्रमाच्या दिवसांत मोजावे. समजा, आपल्या गावचा छायाचित्रकार घरखर्च भागवून महिन्याला १०,००० रुपये शिल्लक टाकतो, आणि डेन्मार्कचा ५०,००० रुपये. तर त्याला पाच महिने पुरतील. आपल्याला जवळजवळ दोन वर्षे लागतील. कर परत मिळण्याची सोय नोंदणीकृत व्यावसायिकास असते, परंतु वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे ज्याने नोंदणी केलेली नाही, त्या लहान छायाचित्रकारास तो सोसावाच लागतो.

विद्यार्थिमित्रहो, हा केवळ हिशेब नव्हे. ज्या समाजातील मुलांना कॅमेरा परवडत नाही, त्या समाजाच्या जत्रा, शेते आणि चेहरे परकी माणसे टिपतात व आपल्या नजरेने जगाला दाखवितात. म्हणून तुमच्यापैकी कोणास या व्यवसायात पडावयाचे असेल, तर त्याने प्रारंभी वापरलेला कॅमेरा घ्यावा, भारी भिंग भाड्याने आणावे, किंवा दोघातिघांनी भागीने विकत घ्यावे. आणि मिळकतीतून साधनासाठी दरमहा काही रक्कम नेमाने बाजूला ठेवावी. साधन महाग आहे खरे; पण आपले चित्र आपण न काढणे त्याहून महाग पडते.