मोटेच्या खेपा आणि पाच व्होल्ट

नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले, तर लातुरात बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये. तेव्हापासूनच्या चार दशकांत प्रयोगशाळेतले टेबल पार बदलून गेले. सुरुवातीला ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हेक्स कोड एकेक बटण दाबून भरावा लागे. पुढे ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या काळात प्रोग्राममध्ये चूक निघाली की ईप्रॉम चिप पंधरा-वीस मिनिटे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आला; त्यावर ती वाट पाहावी लागत नाही. चूक दुरुस्त करून काही सेकंदांत पुन्हा पाहता येते. या बदलाचा खरा फायदा आपण अजून पुरता घेतलेला नाही, असे माझे मत आहे. व्होल्टेज वाढवणाऱ्या साध्या सर्किटावरून ते पटावे.

हे सर्किट म्हणजे दोन डायोड आणि दोन कपॅसिटर. आर्डुइनोची पिन शून्यावर असते तेव्हा पाच व्होल्टच्या पुरवठ्यातून पहिला कपॅसिटर भरतो; डायोड ०.७ खातो, उरतात ४.३. मग पिन पाचवर जाते आणि भरलेला कपॅसिटर तेवढाच वर उचलला जातो. वरच्या टोकाला होतात ९.३, आणि दुसऱ्या डायोडमधून पलीकडे पोचतात ८.६. विहिरीवरची मोट हेच करी: खाली भरायची, वर ओतायची. कल्पना जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ ग्राइनाखर यांनी ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली आणि कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी १९३२ मध्ये तिच्याच अनेक पायऱ्या रचून अणुकेंद्र फोडले.

मल्टिमीटरवर ८.६ दिसले की बहुतेक वेळा प्रयोग संपतो, आणि माझी हरकत नेमकी इथेच आहे. तिथे १.७ किलोओहमचा रोध जोडा, म्हणजे जवळपास ५ मिलिअँपिअर प्रवाह मागितला जाईल. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा आणि पिनची नेहमीची गती ४९० हर्ट्झ असेल, तर हिशेबाने सुमारे १ व्होल्ट गळून पडतो. गती १० किलोहर्ट्झ केली की तीच घट ०.०५ व्होल्टवर येते. मोट तीच, खेपा वाढल्या. पण पुरवठ्यातून मात्र १० मिलिअँपिअर जातात, बाहेर घेतो त्याच्या दुप्पट. व्होल्टेज वाढले, ऊर्जा वाढली नाही. फीडरच्या शेवटच्या टोकाला कमी दाबाने पंपाच्या मोटारी जळताना पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांना हा फरक शिकवायलाच हवा: नुसते व्होल्टेज आणि भार पेलणारे व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणी म्हणेल, बाजारात तयार बूस्ट मॉड्यूल स्वस्तात मिळते, मग हा खटाटोप कशाला? वस्तू हवी असेल तर मॉड्यूलच घ्यावे; कॉइल वापरणारे ते सर्किट जास्त प्रवाहही देते. पण त्यात गती चिपने ठरवलेली असते, विद्यार्थ्याच्या हातात उरतो एक स्क्रू. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हेच काम ५५५ टायमर करतो, मायक्रोकंट्रोलर कशाला? करतो, यात शंका नाही. पण आर्डुइनो सर्किट चालवता चालवता मोजमापही करतो. दोन सारख्या रोधांनी व्होल्टेज निम्मे करून अ‍ॅनालॉग पिनला द्यायचे (थेट कधीही नाही, पिनची मर्यादा पाचच आहे), एका ओळीत गती बदलायची आणि समोर आकडे वाचायचे. मुले कोड उतरवून आणतात, ही तक्रार खरी आहे. पण आपल्याच ब्रेडबोर्डवरचा, आपल्याच कपॅसिटरचा आकडा उतरवून आणता येत नाही.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेने हे बोर्ड शाळांपर्यंतही नेले. नांदेड-लातूरच्या शिक्षकांना विनंती एवढीच: यंदाच्या जर्नलमध्ये ‘आउटपुट व्होल्टेज’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा, भार जोडल्यावरचे व्होल्टेज आणि पुरवठ्यातून घेतलेला प्रवाह.