पाऊस ओसरला, उंदीर घराकडे वळले

पावसाळा संपत आला, घटस्थापना झाली आणि दिवाळीच्या साफसफाईचे वेध लागले की, शहरांतील घराघरांत एक ओळखीची तक्रार ऐकू येऊ लागते. ओट्याखाली काळ्या लेंड्या, टोपलीतला कुरतडलेला बटाटा आणि रात्री माळ्यावर चालणारी खुडबुड. गणपतीबाप्पांबरोबर त्यांचे वाहनही गावाला गेले असावे, अशी समजूत करून घेण्याचे हे दिवस नव्हेत. शरद ऋतू हा उंदरांच्या गृहप्रवेशाचा काळ आहे.

युरोप-अमेरिकेत या दिवसांत उंदीर घरात शिरतात ते थंडीमुळे. मुंबई-ठाण्यात ऑक्टोबरमध्ये थंडी कुठली, उन्हाचा तडाखाच असतो. आपल्याकडील कारणे पाणी आणि धान्य ही आहेत. जून ते सप्टेंबर या काळात गटारे तुंबतात, बिळांत पाणी शिरते. तेथे राहणारे उंदीर आणि घुशी मग कोरड्या जागेच्या शोधात इमारतींमागील हाऊस गल्ल्या, जिन्याखालचे कोपरे आणि सांडपाण्याच्या नळांवरून वर सरकतात. पाणी ओसरल्यावर ते सगळेच परत जात नाहीत. ज्याला अन्न आणि आडोसा सापडला, तो मुक्काम ठोकतो. पुणे, नाशिकसारख्या शहरांच्या कडेला जेथे नव्या सोसायट्या थेट शेतांना भिडल्या आहेत, तेथे दुसरी भर पडते. खरिपाची कापणी झाली की शेत उघडे पडते आणि पावसाळाभर पिकावर पोसलेल्या उंदरांना नवे घर शोधावे लागते. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. एका वेताला साधारण पाच ते दहा पिल्ले होतात आणि दोन-तीन महिन्यांत तीही वीण करू लागतात. आश्विन उजाडेपर्यंत त्यांची संख्या का फुगलेली असते, ते यावरून कळेल.

उपाय शोधण्यापूर्वी घरात नेमके कोण शिरले आहे, हे पाहणे आवश्यक आहे. आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो, पण त्यांच्या सवयी निराळ्या असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर तो लहानखुरा घरउंदीर समजावा. तो कपाटात, गॅसच्या शेगडीमागे, अगदी रद्दीच्या गठ्ठ्यातही संसार थाटतो. लांब शेपटीचा काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो. नळ, वायरी, झाडाची फांदी यांवरून तो चौथ्या-पाचव्या मजल्यावर सहज पोहोचतो व माळ्यावर राहतो. घूस मात्र खणणारी. तळमजला, आवाराची भिंत, फरसबंदी यांखाली ती बोगदे काढते आणि बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग साचतो. तेथे घरात पिंजरा लावून काहीही साधत नाही.

चिचुंद्रीबद्दल येथेच सांगायला हवे. लांबुडके टोकदार तोंड, चिक्‌चिक् आवाज आणि उग्र वास असलेला हा प्राणी उंदरांच्या कुळातला नाहीच. तो झुरळे व किडे खातो, कपडे वा तारा कुरतडत नाही. मोरीतून चुकून आत आलेल्या चिचुंद्रीला दार उघडून वाट करून दिली की पुरे.

उंदीर म्हणजे केवळ किळस आणि थोडेसे नुकसान, असे मानणे मात्र धोक्याचे आहे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात व सतत कुरतडूनच ते झिजतात. त्यामुळे विजेच्या तारांवरचे आवरण, गाड्यांच्या वायरी आणि स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी यांवर दात चालवले जातात. पोखरलेल्या नळीतून रात्रभर गॅस गळत राहिला तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. पोलादी तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी बसवावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. याचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून बाहेर पडतात, साचलेल्या पाण्यात व ओल्या मातीत टिकतात आणि त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या पुरानंतरच्या आठवड्यांत मुंबईने या रोगाची मोठी साथ अनुभवली. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे आणि घरात उंदीर आहेत किंवा तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे आवर्जून सांगावे. प्रतिजैविके लवकर सुरू झाली तर हा रोग बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे व यकृत निकामी होण्याची भीती असते. म्हणूनच लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. हातमोजे घालून त्यावर ब्लीचचे पातळ द्रावण शिंपडावे, दहा मिनिटे थांबावे आणि कागदाने टिपून घ्यावे.

या ऋतूशी आपला जुना हिशेबही आहे. मुंबईत धान्याच्या गोदामांनी वेढलेल्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसात आणतात, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखवून दिले. सुरतेतील साथही सप्टेंबरमधलीच, १९९४ ची. त्यानंतर त्या शहराने जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. १९९५ पासून तेथील पालिकेने कचरा रोज उचलणे आणि गटारे साफ ठेवणे यावर भर दिला आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरत इंदूरसह पहिले आले. प्लेगचा धोका आज फारसा उरलेला नाही, पण शहराची बदललेली वाट आपल्या सोसायट्यांनाही लागू पडते.

आधी भोक, मग पिंजरा

उंदीर दिसला की आपण आधी औषधाच्या दुकानात जातो. खरे तर आधी गवंड्याकडे जायला हवे. एक उंदीर मेला की त्याची रिकामी जागा आठवड्याभरात दुसरा घेतो, कारण वाट आणि अन्न जागच्या जागीच असतात. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक वर्षानुवर्षे काठी आणि विजेरी घेऊन रात्री गल्ल्या पालथ्या घालत आले आहेत. एका रात्रीत ३० उंदरांचे लक्ष्य त्यांना दिले जात असे. त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही, पण त्यानंतरही उंदीर कमी झाले, असे कोणी मुंबईकर छातीठोकपणे म्हणणार नाही.

लहान उंदराला आत शिरायला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जेथून पेन्सिल जाते तेथून तोही जातो. मोठ्या उंदराच्या पिल्लाला अर्धा इंच हवा. ओट्याखाली सांडपाण्याचा नळ भिंतीत जातो ती जागा, वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांचे भोक, धुलाई यंत्राची सांडपाण्याची नळी, मोरीची तुटलेली जाळी, एक्झॉस्ट पंख्याची खिडकी आणि मुख्य दाराखालची फट ही नेहमीची प्रवेशद्वारे. रात्री आतला दिवा मालवून बाहेरच्या उजेडाकडे पाहिले तर बऱ्याच फटी आपोआप दिसतात. थर्माकोल, फोम, लाकडाचा तुकडा किंवा कापडाचा बोळा यांचा उपयोग नाही. हे सारे एका रात्रीत कुरतडले जाते. भांडी घासायची तारेची घासणी भोकात घट्ट कोंबावी आणि वरून सिमेंट लिंपावे. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळण्याची जुन्या गवंड्यांची रीत आजही कामाची आहे. दाराखाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि खिडकीला बारीक छिद्रांची धातूची जाळी लावली की काम बहुतांशी होते. फराळाचे डबे पत्र्याचे किंवा स्टीलचे असावेत, पातळ प्लॅस्टिकचे नकोत.

जे आत राहिले त्यांच्यासाठी पिंजरा. तो खोलीच्या मधोमध ठेवणे व्यर्थ आहे, कारण उंदीर मिशा भिंतीला टेकवत कडेकडेने चालतो. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच ठेवून आत भजे किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवावा. त्याला सवय झाली की मग दार लावण्याची योजना करावी. पकडलेला उंदीर पुढच्या गल्लीत सोडणे म्हणजे शेजाऱ्याला भेट देणे होय. चिकट पुठ्ठ्यांवर प्राणी तासन् तास तडफडतो. हा प्रकार क्रूर आहे. आवाजाने उंदीर पळवण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नयेत. उंदरांना त्या आवाजाची सवय होते आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा उत्पादकांना पुराव्याविना दावे न करण्याची तंबी दिली होती.

विषाचा विचार सर्वांत शेवटी

ब्रोमाडायोलोनच्या वड्या काही दिवसांनी परिणाम करतात, त्यामुळे उंदरांना संशय येत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पिवळा फॉस्फरस असलेल्या पेस्टवर मात्र खात्रीचा उतारा नाही. ती पोटात गेल्यावर सुरुवातीला रोगी बरा वाटतो आणि नंतर यकृत निकामी होते. लहान मुले असलेल्या घरात ही पेस्ट आणूच नये. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. बंद घरात त्या ठेवणे म्हणजे कुटुंबाच्या जिवाशी खेळ. विष खाल्लेला उंदीर माळ्यामागे मेला तर त्याची दुर्गंधी किती दिवस सोसावी लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना विचारावे.

एकट्या घराने सगळी भोके बुजवली तरी सामायिक नळमार्ग उघडाच राहिला तर उंदीर शेजारच्या घरातून येतो. घुशींची बिळे तर नेहमीच आवारात असतात, कोणा एकाच्या घरात नव्हे. म्हणून दिवाळीपूर्वीच्या सोसायटीच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी नळमार्गाच्या जाळ्या, उभ्या नळांवरील पत्र्याच्या चकत्या, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे आणि हाऊस गल्लीतील तुंबलेले गटार हे विषय मांडावेत. आवारातील बिळांसाठी मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातील कीटकनाशक विभागाकडे लेखी तक्रार करता येते. अर्जात इमारतीचे नाव आणि बिळांची नेमकी जागा लिहावी व अर्जाची पोच जपून ठेवावी.